ऐकायच्या पुस्तकांची वही: प्रकल्प नोंदी, जून ते ऑक्टोबर २०२५

शनिवार, ७ जून २०२५

वही आज उघडली. काम असं: दसऱ्यापर्यंत मराठी ऑडिओबुकांची पंचवीस नावांची यादी करायची. त्यातलं प्रत्येक पुस्तक मी शेवटपर्यंत ऐकलेलं असेल आणि पुढे वाचणाऱ्याबद्दल चार ओळी लिहिलेल्या असतील. यादी सहा जणांसाठी आहे. आई, समोरच्या दारातल्या कुडाळच्या मावशी, दुसऱ्या मजल्यावरचे काका, पोस्टातून निवृत्त, मधुमेहानं डोळ्यांचे पडदे खराब झालेले, गणिताचे सर, त्यांना व्यवस्थित दिसतं पण कंपवातामुळे पुस्तक हातात ठरत नाही, तळमजल्यावरच्या आजी, वय अठ्ठ्याऐंशी, कानाला यंत्र, आणि शेजारच्या इमारतीतल्या ताई, जन्मापासून अंध, वाशीला बँकेत अधिकारी.

सुरुवात आईमुळे झाली. मॅक्युलाचा आजार, दोन्ही डोळ्यांना. दाराची चौकट तिला दिसते, चौकटीत उभ्या माणसाचा चेहरा दिसत नाही. ओळ दिसते, ओळीतला जो शब्द वाचायला जावं नेमका तोच पुसला जातो. लग्न होऊन नौपाड्यात आल्यापासून ती ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयाची सभासद आहे. ग्रंथालयाची स्थापना १ जून १८९३ची, आणि हे साल आई घरातल्या माणसाच्या जन्मसालासारखं सांगते. मार्चमध्ये तिनं पहिल्यांदाच एक पुस्तक न वाचता परत केलं. कार्ड अजून पर्समध्येच आहे.

रकाने आखले: आवाज, उच्चार, वेग, अभिनय, संगीत. प्रत्येकाला पाचपैकी गुण. माझी ऐकायची वेळ ठाणे ते तुर्भे जाता-येता ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये, आणि रात्री जेवणानंतर आईबरोबर तासभर.

मंगळवार, १० जून

पहिलं पुस्तक ऐतिहासिक कादंबरी. वाचणारे नाटकातले आहेत हे दुसऱ्या वाक्याला कळतं. खर्जातला, भरलेला आवाज. नमुन्याची पाच मिनिटं ऐकूनच आवाजाला पाचपैकी पाच दिले. आई म्हणाली, "छान आहे हो." मी खूश.

सोमवार, १६ जून

त्याच कादंबरीचे सहा तास झाले. गुण खोडले.

काल रात्री आईनं मला तीनदा थांबवलं. "गेला की नाही गेला?" मलाही सांगता येईना. मागे नेऊन ऐकलं. वाक्य असं होतं की तो त्या रात्री गडावर गेलाच नाही. 'त्या रात्री' आणि 'गडावर' हे शब्द घुमवून घुमवून म्हटलेले, आणि 'गेलाच नाही' श्वासाबरोबर विरून गेलेलं. लोकल खाडीच्या पुलावर आली की माझीही वाक्यं अशीच निसटत होती. मी दोष पुलाच्या खडखडाटाला देत होते.

आज ऑफिसात जेवताना हे डोक्यात घोळत राहिलं. मराठी वाक्याचा सगळा जीव शेवटी असतो. क्रियापद शेवटी, नकार त्याच्याही नंतर. 'मी त्याला पैसे दिले' आणि 'मी त्याला पैसे दिले नाहीत' यांत सुरुवातीचं सगळं सारखं. इंग्रजीत नकार क्रियापदाच्या आधी येऊन जातो, त्यामुळे तिथे वाक्याच्या शेवटी आवाज उतरला तरी अर्थ हाती लागलेला असतो. आपल्याकडे आवाज उतरला की अर्थच जातो. आणि गंभीर, भारदस्त वाचायचं म्हटलं की बहुतेकांचा आवाज नेमका शेवटालाच खाली बसतो. डोळ्यांनी वाचणाऱ्याला हे कधी जाणवत नाही, कारण कागदावर 'नाही' हा शब्द 'गडावर'इतकाच ठसठशीत छापलेला असतो.

नवा रकाना घातला: शेवटचा शब्द.

बुधवार, १८ जून

रहस्यकथा, सव्वाचार तास. वाचणारी मुलगी तरुण असावी. आवाज साधा, थोडा नाकातला; नमुना ऐकून मी पुढे गेले असते. पण तिचा एकही 'नाही' हरवत नाही. पूर्णविरामापर्यंत श्वास पुरवून ठेवते आणि मग थांबते. खुनी कोण ते आईनं माझ्याआधी ओळखलं. पहिला दिवस, की आईनं एकदाही मागे न्यायला सांगितलं नाही. यादीत पहिलं नाव हे.

रविवार, २२ जून

सहाही जण आमच्या बैठकीच्या खोलीत. चार पुस्तकांचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे लावले.

आजींचं पहिल्याच तुकड्यानंतर: "ती बासरी बंद कर गं." मला वाटलं होतं बासरीमुळे प्रसन्न वाटेल. वाचनाखाली सगळा वेळ बासरी आणि तानपुरा होता. वयानं ऐकू येणं कमी होतं तेव्हा आधी वरच्या पट्टीतले, बारीक आवाज जातात. स, श, फ, त, क ही व्यंजनं तिथलीच. स्वर ऐकू येतात, व्यंजनं विरळ होतात. माणूस बोलतोय हे कळतं, काय बोलतोय ते निसटतं. त्याखाली वाद्य घातलं की उरलेसुरले धागेही त्यात गुंततात. प्रकरणाच्या सुरुवातीला दहा सेकंद संगीत असायला कुणाचीच हरकत नव्हती. काकांना तर ते आवडलं, धडा बदलल्याची खूण म्हणून. पण वाचनाखाली नको. हे मी ठाम नियम म्हणून लिहून ठेवते: वाचनाखाली सलग संगीत असेल तर पुस्तक यादीत येणार नाही, मग वाचणारा कितीही चांगला असो. यापायी दोन पुस्तकं आजच गेली, आणि त्यातल्या एकाचं वाचन खरोखर फार सुंदर होतं. ते ज्यांनी ध्वनिमुद्रित केलं त्यांनी संगीताशिवायची प्रत द्यावी अशी माझी मनापासून इच्छा आहे. विनंती पाठवलीय.

सरांना वेग कमी हवा, काकांना जास्त. ०.९ वर लावलं तर आवाज जड होतो आणि आईला तो आजारी माणसाचा वाटतो. मिनिटाला किती शब्द ते पाच पुस्तकांतून मोजलं: १०५ ते १३८. सहाही जणांना चालला तो ११५च्या आसपासचा.

गुरुवार, ३ जुलै

ताईंकडे गेले होते. त्यांच्यासमोर माझं निम्मं म्हणणं उलटं पडलं.

त्या बँकेची कागदपत्रं आणि बातम्या यंत्राच्या आवाजात ऐकतात, दुपटीहून जास्त वेगानं. मला एक अक्षर कळलं नाही. मी विचारलं, कंटाळा नाही येत का या सपाट आवाजाचा. म्हणाल्या, "आवाज ऐकतच नाही मी, मजकूर वाचते. तुम्ही टाइप कसला आहे ते बघत वाचता का?" यंत्राला च आणि ज यांचे दोन उच्चार कळत नाहीत, 'डॉ.' पाहून ते अडखळतं. ते सगळं त्या छपाईतल्या चुकांसारखं ओलांडून जातात. कथा-कादंबरीला मात्र माणसाचाच आवाज हवा, आणि तो सव्वापट वेगानं. अभिनय करणारे वाचक त्यांना सव्वापटीवर सहन होत नाहीत. माझी रहस्यकथेवाली मुलगी दीडपटीवरही स्वच्छ ऐकू येते, हे त्यांनी मला तिथल्या तिथे लावून दाखवलं. हे मला कधी सुचलं नसतं: वाचन चांगलं आहे का ते बघायला वेग वाढवून बघायचा. ज्याचे विराम जागच्या जागी आहेत तो वेगातही मोडत नाही.

त्यांच्याकडून कामाचं आणखी एक कळलं. 'सुगम्य पुस्तकालय' हे २०१६ साली सुरू झालेलं ऑनलाइन ग्रंथालय छापील वाचता न येणाऱ्यांसाठी आहे आणि आईला त्याचं सभासद होता येईल. तिथली डेझी पद्धतीची पुस्तकं धड्यावरून धड्यावर, पानावरून पानावर उडी मारू देतात. सरांनाही सभासद होता येईल. अशा वाचकांना पुस्तकं मिळावीत म्हणून देशादेशांतला माराकेश करार २०१३ साली झाला, तो मान्य करणारा पहिला देश भारत, २०१४ मध्ये. आणि त्या करारात अंध व्यक्तींबरोबरच ज्यांना पुस्तक हातात धरता येत नाही तेही येतात. त्याआधी, २०१२च्या दुरुस्तीनं, आपल्या कॉपीराइट कायद्यातही अशा वाचकांसाठी पुस्तकाची वेगळ्या रूपातली प्रत करायला मुभा आली होती. सरांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे मी लबाडी करत नाहीये." दिसत असून ऐकतो याची त्यांना लाज वाटत होती, हे मला आज कळलं.

रविवार, ६ जुलै, आषाढी एकादशी

साबुदाण्याची खिचडी, आणि दुपारी आईचं बोलणं. तिच्या आजोळी आजपासून चातुर्मासाची पोथी सुरू व्हायची. वाचणारे गुरुजी पडवीत बसून चार महिने रोज वाचत. "ते रडायचे नाहीत, ओरडायचे नाहीत. ओवी संपली की थांबायचे. रडायच्या त्या बायका."

मी आजवर ऑडिओबुकांकडे परदेशातून आलेली नवी सोय म्हणून बघत होते. स्टोरीटेल स्वीडनहून इथे आलं ते नोव्हेंबर २०१७ मध्ये, ऑडिबल भारतात आलं २०१८ मध्ये, हे खरंच. इंग्लंड-अमेरिकेत अंधांसाठी बोलकी पुस्तकं १९३०च्या दशकात तबकड्यांवर निघू लागली, तेही खरं. पण एकानं वाचायचं आणि दहांनी ऐकायचं, तेही चार-चार महिने, ही सवय आपल्या घरांत किती जुनी आहे. ओवीतच विरामाची जागा बांधलेली असते. साडेतीन चरण, शेवटचा आखूड, तिथे थांबायचंच. गद्य वाचणाऱ्याला ती जागा स्वतः शोधावी लागते, आणि तेच त्याचं काम.

'आवाज' हा रकाना आज काढून टाकला. 'अभिनय' ठेवलाय, पण गुण उलटे: जितका कमी तितके जास्त.

मंगळवार, १५ जुलै

एक प्रश्न सुटत नाहीये. छापलेलं आहे 'त्याने सांगितले'. वाचायचं 'त्याने सांगितले' की 'त्यानं सांगितलं'?

या महिन्यात ऐकलेल्या सात पुस्तकांत तीन तऱ्हा. एक: जसं छापलंय तसं. निवेदन बातम्यांसारखं वाटतं, विशेषतः घरगुती कथेत. दोन: सगळं बोलीत. कानाला मऊ, पण १९३०-४०च्या सुमाराच्या लेखनाचा ताठपणा जातो, आणि तो ताठपणा कधी कधी लेखकानं मुद्दाम ठेवलेला असतो. तीन: कधी असं, कधी तसं, एकाच परिच्छेदात. ही तिसरी तऱ्हा मला मान्य नाही. वाचणाऱ्यानं आधी पान वाचलेलंच नाही हे त्यातून उघड होतं.

काका पहिल्या बाजूचे: "लेखकानं 'ले' लिहिलं, तू 'लं' वाचणार कोण?" मावशी दुसऱ्या: "बोलताना कोण 'सांगितले' म्हणतं?" मी आज तरी इथे आहे: संवाद बोलीत वाचावेत, निवेदन छापलंय तसं, आणि एकदा ठरवलं की शेवटच्या पानापर्यंत तसंच. निवेदक स्वतः पात्र असेल, 'मी' म्हणून गोष्ट सांगत असेल, तर सगळंच बोलीत.

च-ज-झबद्दलही लिहून ठेवते. 'माझा'मधला झ आणि 'माझी'मधला झ वेगळा, 'चमचा' आणि 'चमचे' यांतला शेवटचा च वेगळा, हे आपण विचार न करता बोलतो. पण वाचताना जीभ दचकते. 'जरा थांब' यातला जरा आणि म्हातारपण या अर्थाची जरा. लिहायला एकच, उच्चार दोन. एका वैचारिक पुस्तकात वाचणाऱ्या बाईंनी 'जरा आणि मृत्यू' हे 'थोडं आणि मृत्यू' असं वाटावं असं वाचलं. सर खुर्चीत उठून बसले. बाकी साडेनऊ तास त्या फार समजून वाचतात. यादीत घेतलं, खाली टीप लिहून.

रविवार, २७ जुलै

मावशी रागावल्या आहेत. कोकणातली कादंबरी, घडते गुहागरच्या बाजूला, आणि वाचणाऱ्यानं झाडून सगळ्या गड्यांना, भटजींना, मुंबईहून आलेल्या चाकरमान्यांनाही मालवणी हेल दिलाय. "गुहागरात कोण बोलतां असा? आमचो हेल उचलून त्यांका दिल्यान!" त्यांचं म्हणणं बरोबर आहे. रत्नागिरीच्या वरच्या अंगाची बोली निराळी, कुडाळ-मालवणची निराळी, आणि पुस्तकात लेखकानं संवाद मालवणीत लिहिलेलेही नाहीत. मी ग्रंथालयातून छापील प्रत आणून ताडून पाहिलं. हेल वाचणाऱ्यानं आपल्या मनानं घातला. बोली येत नसेल तर साध्या मराठीत वाचावी. ऐकणारा आपल्या कानानं ती भरून घेतो. माणसाच्या घरची भाषा नकलेसारखी वापरली की त्याला ती लागते. आज मावशींना ती लागलेली मी समोर बसून पाहिली. यादीत नाही.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखीला भाऊ, वहिनी, भाची. भाची कॉलेजात, ऑडिओबुकं इंग्रजीतली ऐकते. हॅरी पॉटर ब्रिटनमध्ये स्टीफन फ्राय यांनी वाचलं, अमेरिकेत जिम डेल यांनी, आणि तिनं दोन्ही ऐकलीत. डेल यांनी पाचव्या भागात १३४ पात्रांना वेगवेगळे आवाज दिले, त्याची गिनेसमध्ये नोंद झाली होती. माझा सगळा सिद्धान्त तिथे कोसळतो असं ती म्हणाली.

मी दोघांचा एकेक तुकडा ऐकला. कोसळत नाही, पण वाकतो. डेल यांचे आवाज शंभर असले तरी वाक्य एकही सांडत नाही. वाचन पक्कं झाल्यावर त्यावर आवाज चढवलेत. शिवाय ते मुलांचं पुस्तक, जादूचं. तिथे असं वाचन शोभतं. तेव्हा 'अभिनय'चा रकाना पुन्हा सरळ केला, उलटे गुण रद्द. आता तिथे गुण नाहीत, एकच प्रश्न: पात्र कोण बोलतंय ते नाव न सांगता कळलं का?

मंगळवार, १९ ऑगस्ट

कालपासून धो धो पाऊस. ऑफिस नाही. घरात बसून जे महिनाभर मनात होतं ते सुरू केलं: स्वतः वाचून रेकॉर्ड करणं.

पुस्तक ठरायला वेळ लागला नाही. 'श्यामची आई'. साने गुरुजींनी १९३३च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ते पाच दिवसांत लिहिलं. त्याला प्रकरणं नाहीत, रात्री आहेत, एकूण बेचाळीस. आश्रमात संध्याकाळची प्रार्थना झाली की श्याम सांगतो आणि बाकीचे ऐकतात. म्हणजे पुस्तक कानासाठीच घडवलेलं आहे, आणि एका बैठकीत किती ऐकायचं तेही लेखकानं ठरवून दिलंय. गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, म्हणजे २०११ पासून ते सगळ्यांचं झालं. रोज एक रात्र आईला वाचून दाखवता आली असती, पण मी संध्याकाळी साडेसातला घरी येते आणि आईला दुपारी दोनला हवं असतं.

पहिली रात्र रेकॉर्ड केली. ऐकली. शेवटचे शब्द पडतात. माझेच. दोन महिने मी हाच दोष दुसऱ्यांच्या पुढ्यात लिहीत होते. पुन्हा वाचलं, पुन्हा पडले. श्वास वाक्याच्या मध्यावरच संपतो हे कारण. लांब वाक्याला आधी भरून घ्यावा लागतो आणि मधल्या स्वल्पविरामाला चोरून थोडा. पान आधी पेन्सिलनं खुणा करून वाचलं तेव्हा जमू लागलं. आजवर ज्यांच्यापुढे मी फुल्या मारल्या, त्यांच्या कामाबद्दलचा आदर आज वाढला. मतं तीच आहेत, पण टिपांची भाषा बदलायला हवी. जुन्या टिपा पुन्हा लिहायला घेते.

गुरुवार, २१ ऑगस्ट

जागा: कपाटाचं दार उघडं, आत आणि दारावर गोधड्या, फोन कपड्यांच्या कप्प्यात, मी स्टुलावर. खोलीत नुसतं रेकॉर्ड केलं तर आवाज भिंतीवरून परत येतो. ऑडिबलसाठी पुस्तकं तयार करणाऱ्यांना शांततेतला गोंगाट उणे ६० डेसिबलच्या खाली ठेवावा लागतो. माझ्याकडे पंखा बंद करून, फ्रीज बंद करून उणे ४८ आला. रात्री अकरानंतर उणे ५३. स्टेशनवरची घोषणा खिडकी बंद असली तरी येते. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये गोंगाट कमी करता येतो, पण जास्त केला की स आणि श पाण्यात बोलल्यासारखे होतात, आणि आजींना नेमके तेच लागतात. त्यामुळे थोडा गोंगाट राहू दिला.

तोंडाचा चकचक आवाज: वाचणारे हिरवं सफरचंद खातात असं कळलं. खाल्लं. फरक पडतो.

श्वास काढायचे की नाही? पहिल्यांदा सगळे काढले. आई म्हणाली, "तू दमत नाहीस का वाचताना? मला दमायला होतंय." परत घातले.

रविवार, ३१ ऑगस्ट

गौरी आल्या. समोरच्या मंडळाचा स्पीकर दिवसभर. रेकॉर्डिंग बंद, पुढच्या रविवारपर्यंत. ऐकणंही फक्त लोकलमध्ये. प्रवासवर्णन, अकरा तास. वाचणाऱ्यानं आकडे, तारखा, अंतरं इतकी नीट सांगितलीत की सरांसाठी बाजूला काढलं. सालं मराठीत म्हणतो, 'अठराशे सत्तावन्न'. तळटिपा कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते आवाज किंचित खाली नेऊन सांगतो.

रविवार, १४ सप्टेंबर

चौथी रात्र झाली. आज एक तास ऐकण्यासारखं व्हायला साडेचार तास लागले: वाचन, चुका, कापणं, पुन्हा ऐकणं.

पुढचं पुस्तक म्हणून 'स्मृतिचित्रे' काढून ठेवलंय. लक्ष्मीबाई टिळक १९३६ साली गेल्या, तेव्हा हक्काची अडचण नाही. बाई बोलतात तसं लिहितात, ओळीओळीला. ते म्हातारीचा आवाज काढून वाचायचा मोह होईल, तो आवरायचा. त्यांचा विनोद सरळ वाचला तरच ऐकू येतो. ग्रंथालयातून मिळालेली प्रत जुनी आहे, १९६२च्या शुद्धलेखनाच्या नियमांआधीच्या लेखनाची: नांव, कांहीं, घरीं. हे अनुस्वार उच्चारायचे नसतात, म्हणूनच तर ते त्या नियमांनी गेले. एका तरुण वाचकानं जुन्या पुस्तकात 'नांव' नाकातून वाचलेलं मी जुलैत ऐकलं होतं आणि टिपेत चूक म्हणून लिहिलं. त्याला तशी प्रत हातात दिली आणि सांगितलं कुणीच नाही, हे आता कळतंय. टीप बदलली.

रविवार, २१ सप्टेंबर

आजींनी यंत्र काढून, फोन थेट कानाला लावून रहस्यकथा पूर्ण ऐकली. दोनदा.

रविवार, २८ सप्टेंबर

यादी बांधली. पंचवीस म्हटलं होतं, एकोणीस झाली. वाढवायला म्हणून सहा घालणार नाही. एकूण ऐकली त्रेचाळीस.

शेवटी उरलेले रकाने: शेवटचा शब्द. कोण बोलतंय ते कळतं का. उच्चार. दीडपटीवर टिकतं का (ही ताईंची कसोटी). वाचनाखाली संगीत आहे का. आणि एक नवा, आईनं सांगितलेला: ऐकून झाल्यावर वाचणारा आठवतो की पुस्तक? ती पुढे म्हणाली की दोन्ही आठवले तरी चालेल, पण नुसता वाचणारा आठवला तर नको. या रकान्यामुळे पहिली ऐतिहासिक कादंबरी पुन्हा चर्चेला आली. काका तिच्यासाठी भांडले. त्यांना तो आवाज आवडतो, आणि 'नाही' निसटला तर ते मागे नेतात, त्यांना सवड आहे. विसाव्या ओळीत तिचं नाव लिहिलं, पुढे 'काकांच्या आग्रहानं', आणि माझी टीपही ठेवली. दोन्ही मतं वाचून ज्याचं त्यानं ठरवावं.

तर वीस.

गुरुवार, २ ऑक्टोबर, दसरा

यादीच्या सहा प्रती केल्या. चार मोठ्या अक्षरांत, २८ टाइपात, कागदाच्या एकाच बाजूला. ताईंना फाइल पाठवली, त्यांच्या यंत्राला वाचता येईल अशी, 'डॉ.' जिथे होतं तिथे 'डॉक्टर' लिहिलं. आईसाठी यादी वाचून रेकॉर्ड केली, सतरा मिनिटं. सोनं आणि यादी एकदमच दिली.

आईनं यादी ऐकली आणि विचारलं, नववी रात्र कधी. आठ झाल्यात. उद्या रात्री अकराला, पाऊस नसेल तर. पंखा आणि फ्रीज बंद करायचे, नंतर फ्रीज आठवणीनं लावायचा. लांब वाक्यांना पेन्सिलनं खुणा आज करून ठेवते.